ताटलीएवढी पाहुणी

माझी मुलगी खोटं बोलते, ही माहिती तिच्या वर्गाच्या बाईंनी मला शाळेच्या फाटकाशी, चार आयांच्या देखत दिली. वर हसून दिली. "खोटं म्हणजे अगदी खोटं नाही हो, कल्पनाशक्ती जरा जास्त आहे. घरी टीव्ही फार बघते का?"

आता हे ऐकून कुठल्या आईचं डोकं ठिकाणावर राहील? माझंही राहिलं नाही. पण कडेवर बाळ होतं, दुसऱ्या हातात दप्तर होतं आणि भांडायला निदान एक हात मोकळा लागतो. मी "हो का" म्हणून घरी आले.

टिकली (शाळेच्या दाखल्यावर तिचं चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते कुणी वापरत नाही) शाळा सुरू झाल्यापासून वर्गात एक अक्षर बोललेली नव्हती. घरी तोंडाचा पट्टा अखंड चालू, आणि वर्गाच्या दारात बूट काढले की त्यांच्याबरोबर जीभही काढून ठेवल्यासारखी मुकी. बाई म्हणायच्या, बोलेल हळूहळू. सासूबाई म्हणायच्या, हिचा बाप तरी कुठे बोलायचा, आणि आता बघ, गप्प बसवावं लागतं. मी वरवर "हो ना" म्हणायचे आणि आंघोळीला गेले की नळ मोठा सोडून रडायचे. आणि एक दिवस ही पोर वर्गात आपणहून उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या घरी ताटलीएवढा पतंग येणार आहे."

शाळेतलं तिचं पहिलं वाक्य! बाईंनी काय करायला हवं होतं? मी असते तर पेढे नसते वाटले, पण निदान "अरे वा" तरी म्हटलं असतं. बाईंनी वर्गाला विचारलं, "काय रे मुलांनो, ताटलीएवढा पतंग असतो का?" वर्ग एका सुरात म्हणाला, "नाऽऽही!" मग बाईंनी टिकलीकडून "मी गंमत केली" असं म्हणवून घेतलं आणि तिला शाबासकी दिली. म्हणजे पहिलं वाक्य खरं, दुसरं खोटं, आणि शाबासकी दुसऱ्याला.

घरी आल्यावर टिकलीने बूट काढले, ते नीट कडेला ठेवले आणि मला सांगितलं, "मी आता शाळेत नाही बोलणार."

"का गं?"

"खरं बोललं की गंमत केली म्हणावं लागतं."

त्याच क्षणी मी ठरवलं, या बाईंना पतंग दाखवायचाच. पतंगासाठी नव्हे, बाईंसाठी तर नव्हेच नव्हे. या पोरीचं तोंड पुन्हा मिटलं तर ते उघडायला मला दुसरा पतंग कुठे मिळणार होता?

पतंग खरोखरच येणार होता. आमच्या बिल्डिंगच्या माळ्याने फांद्या छाटल्या, तेव्हा त्या ढिगात टिकलीला वाळक्या पानात गुंडाळलेला, बोटभर लांबीचा तपकिरी कोष सापडला. मी वाचनालयातून रेशमी पतंगांचं पुस्तक आणलं. त्यात चित्र होतं: ॲटलास पतंग, उष्ण देशांतला, जगातल्या सगळ्यात मोठ्या पतंगांपैकी एक. "म्हणजे केवढा गं?" टिकलीने विचारलं. मी मांडणीवरून ताटली काढून दाखवली. तेव्हा ताटली ही उपमा माझी. कल्पनाशक्ती कुणाची जास्त आहे ते ठरवायचंच असेल तर बाईंनी मला वर्गात उभं करायला हवं होतं.

कोष गॅलरीतल्या दोरीला, बाळाच्या लंगोटांशेजारी, चिमट्याने टांगला, आणि सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, उन्हात ठेव. सासूबाई म्हणाल्या, सावलीत ठेव. औषधांच्या दुकानवाल्याने ग्लुकोजचं पाणी शिंपडायला सांगितलं. माझा नवरा, ज्याने आयुष्यात उकडलेल्या अंड्यापलीकडे काही हाताळलेलं नाही, तो म्हणाला, "हलवू नका, हलवलं की बिघडतं." नेमके हेच सल्ले मला बाळाच्या वेळी मिळाले होते. तीच माणसं, तोच आत्मविश्वास. बाळ त्यातून सुखरूप बाहेर पडलं होतं, त्यामुळे कोषाबद्दल मला आशा होती. काकू रोज येऊन त्याला कान लावायच्या आणि "ठीक आहे हं सगळं" असं सांगून माझा चहा पिऊन जायच्या.

आणि मग जिन्यातल्या फळ्यावर सूचना लागली: सर्व घरांत, गॅलरीसह, कीटकनाशकाची फवारणी.

मी बाळाला घेऊन सेक्रेटरीकाकांकडे गेले. हे गृहस्थ कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेत, पण खातं अजून त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही.

"काका, यावेळी आमचं घर वगळा. गॅलरीत पतंग निघायचाय."

"पाळीव आहे का?"

"पतंग कसला पाळीव असतो?"

"मग कीटक झाला. कीटकांसाठीच तर फवारणी आहे."

"बरं, पाळीव समजा."

"पाळीव प्राण्याला कमिटीची परवानगी लागते. कमिटी बसणार पुढच्या महिन्यात."

"मग तोवर फवारणी थांबवा ना."

"ती कशी थांबवणार? त्याला पाळीव असण्याची परवानगी अजून मिळालीय कुठे?"

मी हात टेकले असते, पण हातात बाळ होतं. "मग आमचा पाहुणा आहे म्हणा," मी चिडून म्हटलं. काका विचारात पडले. पाहुण्यांवर फवारणी करण्याची तरतूद नियमांत नव्हती, एवढं त्यांना मान्य करावं लागलं. "किती दिवस मुक्काम?"

"बाहेर आल्यावर आठवडाभर. मग मरतो."

"म्हणजे आजारी आहे?"

शेवटी त्यांनी नियमातली एक फट दाखवली. घरात झोपलेलं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर एक खोली वगळता येते. मी घरी येऊन बाळाची छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी पलंगावर मांडली, कोषाची काडी तिच्या आत बांधली आणि दार ओढून घेतलं. बाळाला त्या दुपारी नाकाच्या शेंड्यावर डास चावला. सासूबाईंनी त्या लाल ठिपक्याकडे बघून जो निःश्वास सोडला, त्यात माझं अख्खं संगोपनशास्त्र वाहून गेलं.

फवारणीवाला पाठीवर टाकी घेऊन आला. मागे जातीने सेक्रेटरीकाका. मी झोपायच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि आवाज शक्य तितका कोमल करून म्हणाले, "ही खोली नको. आत बाळ झोपलंय."

"आई," टिकली म्हणाली, "बाळ तर तुझ्या कडेवर आहे."

फवारणीवाल्याने बाळाकडे पाहिलं. काकांनी बाळाकडे पाहिलं. बाळाने सगळ्यांकडे पाहून बोळकं दाखवलं. आणि तोवर या सगळ्या प्रकरणात विरोधी पक्षात बसलेल्या माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या, "दुसरं आहे आत!"

"दुसरं?" काका म्हणाले.

"जुळं झालंय आम्हाला."

"पण वहिनी, बारशाला तर एकच..."

"दुसरं अशक्त होतं. दाखवलं नाही कुणाला. दृष्ट लागते."

"आजी," टिकली समजुतीच्या स्वरात म्हणाली, "जुळं नाही गं. कोष आहे. विसरलीस का?"

ही मुलगी खोटं बोलते म्हणे! घरातल्या दोन मोठ्या बाया तिच्यासाठी धडाधड थापा मारताहेत आणि ही एकेक थाप वेचून, धूळ झटकून, खरी करून परत ठेवतेय. सासूबाईंनी मग शेवटचं अस्त्र काढलं. खुर्ची आणून दारात ठेवली, तिच्यावर बसल्या, गुडघा धरला आणि म्हणाल्या, "मी आजारी आहे. मारा फवारा माझ्यावर." काका म्हणाले, चला पुढच्या घरी.

त्या दिवसापासून सासूबाई सत्ताधारी पक्षात आल्या.

रविवारी सकाळी, म्हणजे शाळा बंद असताना, कोष फुटला. मी बाळाला पाजत होते आणि टिकली मच्छरदाणीला नाक लावून बसली होती. "आई, ओलं फडकं बाहेर येतंय," ती हळूच म्हणाली. खरंच तसंच दिसत होतं. कुणीतरी पिळून टाकलेलं तपकिरी फडकं. ते काडीला लटकलं आणि सावकाश, अगदी सावकाश उलगडत गेलं. तांबूस, विटकरी, मध्ये पांढऱ्या रेघा, चारी पंखांत काचेसारखी आरपार दिसणारी तिकोनी खिडकी. पुढच्या पंखांची टोकं तर हुबेहूब फणा. सासूबाई "साप!" म्हणून ओरडल्या, मग जवळ येऊन "नाही गं बाई" म्हणाल्या, आणि मग आम्ही सगळेच पलंगाभोवती जमिनीवर बसून बघत राहिलो. आमच्या घरात असं फारदा होत नाही.

पुस्तकावरून कळलं की ती मादी आहे. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात. नवरा लगेच ताटली घेऊन आला. काकू म्हणाल्या, तुमच्या ताटल्या लहान आहेत, आणि आपली घेऊन आल्या. समोरच्या घरातून तिसरी आली. तिन्ही मच्छरदाणीबाहेर धरून पाहिल्या. आमच्या ताटलीला पंख पुरून उरले, काकूंच्या ताटलीला बरोबर बसले आणि समोरच्यांची ताटली हे मुळात ताट होतं, त्यामुळे ते बाद ठरलं.

"हिला खायला काय द्यायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. हिला तोंडच नसतं. अळी असताना खाल्लेलं असतं, त्यावरच सगळं."

"तोंड नाही?"

"नाही."

"ना खाणं, ना बोलणं, ना तक्रार," नवरा म्हणाला, "म्हणजे अगदी आदर्श..." आणि माझ्याकडे लक्ष गेल्यावर त्याला अचानक बाजारात जायचं आठवलं. सासूबाई मात्र मच्छरदाणीपाशीच उभ्या होत्या. "अंडी घालणार, आणि तेही उपाशीपोटी," त्या पुटपुटल्या. मग वळून मला म्हणाल्या, "तू जेवलीस का गं? बाळ ओढतंय सगळं. चल, आधी जेव." माझ्या बाळंतपणात जे वाक्य ऐकायला मी आसुसले होते, ते मला एका पतंगामुळे मिळालं. राग यावा की रडू, ते कळेना, म्हणून मी जेवले.

मग शाळेशी पत्रव्यवहार, म्हणजे फोन. बाईंना मी पतंगाचा फोटो पाठवला. बाईंचं उत्तर आलं, "छान आहे. पण हल्ली फोटोत काय, काहीही करता येतं. माझ्या भाच्याने मला वाघाबरोबर चहा पिताना दाखवलंय." मग घरी या बघायला, म्हटलं. तर शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या घरी जायचं नाही, असा नियम. मग मी शाळेत आणते. तर सोमवारी शाळेची कचेरी उघडल्यावर तिथला कारकून म्हणाला, "प्राणी आणायचा तर लस टोचल्याचा दाखला लागतो."

"अहो, पतंग आहे."

"चालणारा, उडणारा, पोहणारा, सगळ्यांना लागतो."

मी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि "बाई, सुई तिच्या अंगात जाण्यापेक्षा ती सुईत जाईल" असं म्हणून फोन ठेवला. बरोबरच होतं त्यांचं, पण इतकं हसून म्हणायची गरज होती का? माझं म्हणणं एवढंच, की एका बाजूला पोरीला खोटी ठरवायचं आणि दुसऱ्या बाजूला खरं दाखवायच्या सगळ्या वाटा नियमाने बंद करायच्या, याला काय म्हणतात? मला शब्द माहीत आहे, पण बाळ जवळ झोपलंय.

त्याच दिवशी टिकली शाळेत गेली आणि मुकी परत आली. "बाईंनी विचारलं काही?" "नाही." "तू सांगितलंस?" तिने नाही म्हणून मान हलवली आणि ती मच्छरदाणीशी जाऊन बसली. दोघी तशाच बसल्या होत्या, एक आत, एक बाहेर, दोघींची तोंडं बंद. मला बघवेना.

मंगळवारी सकाळी दारावरची घंटा कुणीतरी बोट न काढता वाजवली. सेक्रेटरीकाका. बनियनवर.

"तुमच्या पाहुणीकडे पाहुणे आलेत," ते म्हणाले.

मच्छरदाणी मी रात्री गॅलरीत ठेवली होती, हवा लागावी म्हणून. पुस्तकात लिहिलेलं होतं, पण मी ते पान बाळाने फाडायच्या आत घाईघाईने वाचलं होतं: मादी जागची हलत नाही, तिच्या वासावर नर लांबलांबून येतात. आले होते. एक जण मच्छरदाणीला बाहेरून बिलगून बसला होता. दुसरा खालच्या गॅलरीत काकांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर, बरोब्बर खिशाशी, पदक लावल्यासारखा. तिसरा जिन्यातल्या फळ्यावर, फवारणीच्या सूचनेवर. 

"आज हे सगळं बाहेर," काका म्हणाले. "पाहुण्यांच्या पाहुण्यांची जबाबदारी सोसायटी घेणार नाही."

म्हणजे आज नाही तर कधीच नाही. मी घड्याळाकडे पाहिलं, शाळेची वेळ झाली होती. "टिकली, बूट घाल," मी म्हटलं. "आई, बाळाला घ्या. जायचंय." सासूबाईंनी कुठे म्हणूनसुद्धा विचारलं नाही. गुडघा विसरून त्या बाळासकट जिना उतरल्या.

मिरवणूक निघाली. पुढे टिकली, मागे दोन्ही हातांत मच्छरदाणी धरलेली मी, मागे बाळ घेतलेल्या सासूबाई. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून उभा राहिला. एका सायकलवाल्याने तर वळून वळून पाहिलं आणि खांबाला सायकल लावली; म्हणजे लागली. मला संताप आला. मच्छरदाणी घेऊन जाणारी बाई कधी बघितली नाही का? मी मान ताठ केली. लोक मच्छरदाणीकडे बघतच नव्हते, हे मला तेव्हा कळलं नाही. बिलगून बसलेला नर मच्छरदाणी उचलताना माझ्या ओढणीवर सरकला होता आणि माझ्या पाठीवर, दोन्ही पंख पसरून, आरामात शाळेला निघाला होता.

"ताई, हे आत न्यायचं नाही," फाटकावरचा रखवालदार म्हणाला.

"नेत नाही. फाटकाच्या बाहेर तर शाळा नाही ना? बाहेर उभी राहते. बाईंना बोलवा."

बाई आल्या. त्यांच्यामागून वर्ग खिडकीत चढला. मी मच्छरदाणी पुढे केली, आणि तिला नेमकी हीच वेळ सापडली: कापडाच्या घडीत शिरून, पंख मिटून, ती वाळक्या पानासारखी बसली होती. जाळीला लागलेली बारीक अंडी तेवढी दिसत होती.

"यात काय आहे?" बाईंनी वाकून बघितलं. "मणी का?"

मी काय काय बोलणार होते! फवारणी, कमिटी, दाखला, वाघ, चहा. त्यातलं काहीच बाहेर येईना. "आहे हो, खरंच आहे," एवढंच मी म्हणाले, आणि मलाच ते खोटं वाटलं.

बाई टिकलीकडे वळल्या. चांगल्या आवाजात म्हणाल्या, हेही सांगायला हवं. "अगं, असू दे. गंमत आवडते ना तुला?"

मी मच्छरदाणी हलवायला म्हणून खांदे वळवले. पाठीवरचा प्रवासी उठला, डोक्यावरून एक मोठी, संथ फेरी मारली आणि बाईंच्या खांद्यावर उतरला. एक पंख त्यांच्या गळ्यापर्यंत आला, दुसरा दंडावर. बाईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, तर त्यांना फक्त फण्यासारखं टोक दिसलं असणार. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला.

मी तोंड उघडलं. सासूबाईंनी मागून माझं कोपर असं दाबलं, की ते मिटलं.

"बाई, हलू नका," टिकली म्हणाली.

हे तिचं घरातलं बोलणं होतं. मोठं, स्वच्छ, हुकूम सोडणारं. खिडकीपर्यंत गेलं.

"तो साप नाहीये. फक्त दाखवतो तसं. तो चावत नाही, त्याला तोंडच नाही. तो खात पण नाही. तो तिला भेटायला आलाय, ती आत झोपलीय. तुम्ही हललात तर त्याचे पंख फाटतील."

"नाही हलत," बाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"आणि हा ताटलीएवढा नाहीये," टिकलीने त्यांना गंभीरपणे बजावलं. "हा बाबा आहे, हा लहान असतो. ताटलीएवढी ती आहे. मी तिला म्हटलं होतं."

जिंकताना तरी माणसाने थोडं वाढवून सांगावं की नाही! पण नाही. मग तिने बाईंच्या खांद्याजवळ हात नेला, तो नर तिच्या मनगटावर चढू दिला आणि फाटकाबाहेरच्या झाडाच्या बुंध्यावर सोडला. मी मच्छरदाणी उघडून त्याच झाडाच्या फांदीला लावली. ती बाहेर आली, पानांत गेली, आणि तिने पंख उलगडले तेव्हा खिडकीतून एकच आवाज आला, "ताटलीऽऽ!" हाच वर्ग. हेच आवाज. लोकमताचा काही भरवसा नाही.

बाई खाली बसल्या. चक्क मातीत, गुडघ्यांवर. आणि टिकलीच्या कानात काहीतरी बोलल्या. बराच वेळ बोलल्या. टिकलीने ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

काय बोलल्या? मला आजतागायत कळलेलं नाही. "ते बाईंचं आणि माझं आहे," असं मला उत्तर मिळतं. माफी मागितली असेल तर ती माझ्या देखत मागायला नको होती का? इतके दिवस कुणी जाळलं रक्त? डासांचे दंश कुणाच्या बाळाने सोसले? पण बाई मला "या हं" एवढंच म्हणाल्या, टिकलीने त्यांचं बोट धरलं आणि चालायला लागली. फाटक ओलांडेपर्यंतच तिचं बोलणं सुरू झालं होतं. "आणि बाई, कोषातून ना, आधी ओलं फडकं निघतं..."

शाळा सुरू झाल्यापासून रोज ही पोर वर्गाच्या दारापर्यंत जाताना चारदा थांबून मागे बघायची, मी आहे ना याची खात्री करायला. मी त्यासाठी फाटकाशी उभी राहायचे. उन्हात, बाळासकट, दूध उतू जायला ठेवून. आजही राहिले. ती पायऱ्या चढली, व्हरांडा ओलांडला, बूट काढले आणि बडबडत आत गेली. एकदासुद्धा वळली नाही.

आता याची तक्रार कुणाकडे करायची असते, ते कुणीतरी मला सांगा.